सर्व्हरमधला बांध

सोमवारी सकाळी अकरा वाजता अपेक्षाला केबिनमध्ये बोलावणं आलं, तेव्हा हौशीराम वाबळे आणि मच्छिंद्र वाबळे हे दोघे सख्खे भाऊ एकाच सोफ्यावर बसले होते. शिक्रापूरच्या त्या ऑफिसात पाच वर्षांत असं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं. निम्म्या स्टाफनं काही ना काही निमित्त काढून काचेच्या दारावरून एकेक चक्कर मारून घेतली होती.

"अपेक्षा, आमचं एक झालं," थोरले आबा म्हणाले.

"व्हय, एक झालं," धाकटे आप्पा म्हणाले. थोरल्याच्या वाक्याला त्यांनी होकार द्यायची ही पाच वर्षांतली पहिलीच वेळ असावी, कारण त्यानंतर त्यांना ठसका लागला.

एक झालं होतं ते दौंडला, एका लग्नात. पाहुण्यांनी माइकवरून दोघांची नावं पुकारून मिठी मारायला लावली होती. जेवणाच्या पंगती त्यानंतर बसणार होत्या, त्यामुळं दोघांनाही नाही म्हणता आलं नाही.

"आता मनातलं पार्टिशन काढलं, तसं सर्व्हरमधलं बी काढायचं," आबा म्हणाले. "शनिवारी खंडेनवमी हाय. मशिनींची पूजा करतोच आपण. बारा वाजता पाहुणे येतील. त्यांच्या हातानं बटन दाबायचं."

अपेक्षा तळेगाव ढमढेऱ्याची. कंप्युटरचं शिक्षण पुण्यात घेऊन आठ महिन्यांपूर्वी इथं लागली होती, आणि या सर्व्हरबद्दल तिला जे ठाऊक होतं ते ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आबांचा धंदा दुधाचा, आप्पांचा पशुखाद्याचा. एकत्र असताना दोघांनी पुण्याच्या एका गोड बोलणाऱ्या विक्रेत्याकडून हा सर्व्हर घेतला होता. तो एखादी बँक सहज चालवू शकला असता. वाबळ्यांकडं तो दुधाच्या पावत्या आणि पेंडीच्या गोण्यांचे गेटपास छापत होता. मग बैलगाडा शर्यतीच्या एका फ्लेक्सवर आबांचा फोटो फेट्यात आणि आप्पांचा बोडका छापला गेला, आणि भाऊ वेगळे झाले. जमीन वाटली, ट्रक वाटले. सर्व्हर मात्र एकच होता. त्यात चार बोर्ड होते आणि प्रत्येक बोर्डावर आपापले प्रोसेसर, आपापली मेमरी. तेव्हाच्या कंप्युटरवाल्यानं सांगितलं की याच्यात हार्डवेअर पार्टिशन करता येतं. दोन बोर्ड आबांचे, दोन आप्पांचे. पेटी एक, पण आत दोन स्वतंत्र सर्व्हर, याला त्याचं दिसणार नाही आणि त्याला याचं.

वाटणी एवढ्यावर भागली असती तर ती वाबळ्यांची कसली? सर्व्हर रूममध्ये फरशीवर लाल ऑइलपेंटची रेघ ओढलेली होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक एसी होता आणि दोन एसींचे रिमोट दोन भावांच्या खिशात असत. आबा अठरावर ठेवत म्हणून आप्पा सोळावर ठेवत. अपेक्षा एप्रिल महिन्यात तिथं शाल पांघरून बसत असे. आबांच्या पडद्यावर भगवा रंग, आप्पांच्या पडद्यावर निळा. आणि रोज कोणीतरी येऊन म्हणत असे, "आमच्या बाजूला जरा स्पीड जास्त हाय, न्हाई?"

"आबा, पार्टिशन काढता येईल," अपेक्षा म्हणाली. "पण दोन्हींचं एक करायचं तर एक पार्टिशन पुसायला लागतं. आधी ते बंद करायचं, मग पुसायचं, मग त्याचे बोर्ड दुसऱ्याला जोडायचे."

"मग पूस की."

"कुणाचं?"

बाहेर हायवेवर एका कंटेनरनं हॉर्न दिला आणि दोघं भाऊ काचेतून तो कंटेनर बघू लागले.

"मच्छ्या धाकटा हाय," आबा सावकाश म्हणाले. "धाकट्यानं थोरल्यात यायचं, ही रीत हाय."

"यायला माझी ना न्हाई, दादा," आप्पा म्हणाले. "पण ही पुसायचं म्हणतीया. मी का पुसून घ्यायचं?"

नुकतीच झालेली एकी सोफ्यावर दोन वीत लांब सरकली. अपेक्षानं घाईघाईनं तोडगा काढला. दोन्ही पुसू, तिसरं नवीन करू आणि त्याला 'वाबळे बंधू' नाव देऊ. दोघांचंही पुसलं जाणार म्हटल्यावर दोघांनाही समाधान वाटलं.

पुढची अडचण पासवर्डची होती. सर्व्हरच्या वर एक छोटा कंप्युटर होता. पार्टिशन करायचं, मोडायचं ते तिथूनच. वाटणीच्या वेळी कोणी रात्रीत बांध कोरू नये म्हणून त्याचा चौदा अक्षरी पासवर्ड मधोमध तोडून पहिली सात अक्षरं आबांना आणि शेवटची सात आप्पांना बंद पाकिटात दिली होती. पाच वर्षांत तो कंप्युटर कुणी उघडला नव्हता. उघडायचा तर दोघांनी एकत्र यायला हवं होतं.

गुरुवारी दोघं एकत्र आले. आबांचं पाकीट देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली होतं. त्यांच्या पत्नी सिंधूबाई रोज त्याचीही पूजा करत असल्यानं चिठ्ठीवर सात अक्षरं होती की सात बोटं, ते कळत नव्हतं.

"ही काठी हाय का एल?" आबांनी विचारलं.

"मला दाखवा, मी सांगते."

"तुला कशी दाखवू? गुपित हाय."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून कीबोर्डवर पालथी धरली आणि एका बोटानं अक्षरं टिपली. तोवर आप्पा गॅलरीत हायवेकडं तोंड करून उभे. मग आप्पा आत, आबा गॅलरीत. पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा काठीऐवजी एल टिपला. तोही चुकला.

"तिसऱ्यांदा चुकला तर कुलूप लागंल," अपेक्षा म्हणाली. "मग कंपनीचा माणूस परदेशातून येईल, त्याला वाटेल तेव्हा."

आबांनी चिठ्ठी उजेडाला धरली, उलटी धरली. शेवटी ते गॅलरीतून सिंधूबाईंना फोन लावून म्हणाले, "अगं, त्या चिठ्ठीवर पहिल्यांदा काय होतं, आठवतं का?" सिंधूबाईंनी सातही अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. फोन स्पीकरवर होता. आप्पांनी सौजन्य म्हणून कानांवर हात ठेवले.

कंप्युटर उघडला. भाऊ एकमेकांना टाळी देऊन चहाला गेले. अपेक्षानं दार लावून घेतलं आणि सर्व्हरकडं पार्टिशनची यादी मागितली.

उत्तर एका ओळीत आलं. एकूण पार्टिशन, एक. बोर्ड, चारही त्यातच.

तिनं पुन्हा विचारलं. सर्व्हरनं पुन्हा तेच सांगितलं. सर्व्हरला भीडभाड नसते. तिनं फरशीवरच्या लाल रेघेकडं पाहिलं, मग दोन एसींकडं पाहिलं आणि आधी शाल घट्ट करून घेतली.

आधीचा कंप्युटरवाला ज्ञानेश आता कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होता. तिनं फोन लावला, तेव्हा मागं मशिनींचा धडधडाट येत होता.

"ताई, तुम्हाला कळलं म्हणायचं!" तो म्हणाला. आवाजात पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. "अहो, पार्टिशन करायला सगळा सर्व्हर दोन-तीन तास बंद ठेवायला लागत होता. आबा म्हणायचे आधी त्याचं बंद कर, आप्पा म्हणायचे आधी त्याचं. दोन महिने मी या केबिनमधून त्या केबिनमध्ये. शेवटी काय केलं, दोघांना दोन रंग दिले. आबांना भगवा, आप्पांना निळा. पासवर्डचे दोन तुकडे करून दिले आन् आलो निघून."

"पण हे फसवणं झालं!"

"दुसऱ्याच दिवशी दोघंही म्हणाले, आता कसं मोकळं वाटतंय. मी काय बोलणार? शांतता राहिली का न्हाई पाच वर्षं?" शिफ्टचा भोंगा वाजला आणि ज्ञानेशला फारच महत्त्वाचं काम आठवलं.

अपेक्षा दोन तास विचार करत बसली. खरं सांगावं तर आबा म्हणणार, पाच वर्षं यानं माझं सगळं वाचलं. आप्पा म्हणणार, त्यांनी माझं. दौंडच्या मिठीचं आयुष्य आठवडाभराचंही ठरणार नाही. आणि खरं न सांगावं तर पाहुण्यांसमोर ती काढणार काय? नसलेली भिंत पाडायचं नाटक करायला तिचं मन घेईना. तिला खोटं बोलता येत नसे, कान लाल होत. मग तिला एक प्रामाणिक मार्ग सुचला. भिंत काढायचीच आहे ना? मग आधी ती बांधावी.

शनिवारी सकाळचं दूध आटोपल्यावर दहा वाजता 'पूजेची तयारी' म्हणून तिनं सगळा सर्व्हर बंद केला. ज्या कामाला दोन महिन्यांत मुहूर्त मिळाला नव्हता, ते पूजेच्या नावाखाली बिनतक्रार झालं. चारपैकी दोन बोर्ड सोडवले, त्यांचं नवं रिकामं पार्टिशन केलं आणि उरलेल्या दोन बोर्डांवर दोघांचे धंदे पुन्हा सुरू केले. साडेअकराला पडद्यावर दोन चौकोन दिसू लागले. वाबळ्यांच्या इतिहासात प्रथमच सर्व्हरमध्ये खरंखुरं पार्टिशन झालं होतं. बारा वाजता पाहुणे येतील, सव्वाबाराला ते काढून टाकू. भर दुपारी सर्व्हरला काम नसतं, निम्म्या ताकदीवर चालला तरी कुणाला कळणार नाही. हिशोब बरोबर होता. फक्त त्यात पाहुणे धरले होते.

पाहुणे म्हणजे तालुक्याचे एक माजी सभापती. बारा वाजता त्यांचा फोन आला, निघालोच. दोन वाजता आला, निघालो. साडेतीनला आला तेव्हा ते खरोखरच निघालेले होते आणि शिक्रापूरच्या चौकात दोन ट्रकांच्या मध्ये उभे होते. मांडवातली झेंडूची फुलं माना टाकू लागली. स्टेपलरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागून गेलं. अपेक्षानं तीनदा जाऊन विचारलं, "आबा, मी आत्ताच काढून टाकू का?"

"छ्या! पाहुण्यांशिवाय? मग एकी झाली हे कळणार कुणाला?"

सभापती सव्वापाचला पोचले. पाच वाजता गावोगावच्या केंद्रांवर संध्याकाळचं दूध सुरू झालं होतं. निम्म्या सर्व्हरवर सगळा भार आला.

पहिला फोन तळेगाव ढमढेऱ्याच्या केंद्राचा आला. "आबा, पावती निघंना! एका कॅनला चार मिनिटं. रांग पार मारुतीपर्यंत गेली हाय!" तो फोन संपेस्तोवर आप्पांच्या दौंडच्या कारखान्याचा आला. गेटपास निघत नव्हता आणि पेंडीचा ट्रक फाटकात आडवा उभा होता. आबा माइकपाशी होते, त्यामुळं पुढचं सगळ्या मांडवानं ऐकलं.

"मच्छ्या, आजच्या दिवशी तरी खेचू नगस!"

"मी खेचतोय? माझा ट्रक अडकलाय तिकडं! तुमच्या बाजूनंच सगळा करंट ओढलाय!"

"मी कवा ओढला?"

"फ्लेक्सच्या वेळी बी तुम्ही असंच म्हणाला होता!"

एवढं बोलून आप्पांनी डोक्यावरचा फेटा काढून सत्काराच्या नारळाशेजारी ठेवला. आबांनीही आपला काढला. मांडवातली वयस्कर मंडळी उठून चपला शोधू लागली. ती अनुभवी होती.

अपेक्षा सभापतींच्या कानाशी वाकली. "साहेब, बटन दाबा आणि लगेच भाषण सुरू करा. थांबू नका."

"किती बोलू?"

"वीस मिनिटं तरी."

आयुष्यात अशी विनंती सभापतींना पहिल्यांदाच झाली होती. ते भारावले. त्यांनी बटन दाबलं आणि अपेक्षा आत पळाली. रिकामं पार्टिशन बंद केलं, पुसलं. दोन्ही बोर्ड मोकळे झाले, ते तिनं मूळ पार्टिशनला जोडले आणि सगळा सर्व्हर पुन्हा चालू करायला सोडला. तिसरं नवीन करायला आता वेळ नव्हता. एकालाच 'वाबळे बंधू' नाव दिलं. आबांचा भगवा आणि आप्पांचा निळा, दोन्ही पडदे काळे पडले. ऐन दुधाच्या वेळी तालुक्यातलं प्रत्येक केंद्र बंद होतं, आणि फोन इतके वाजत होते की भाषणाला साथ केल्यासारखं वाटत होतं.

"काय झालं?" आबा दारात येऊन ओरडले.

"एकत्र येतंय, आबा."

"असं? इतकं गप का?"

वीस मिनिटांत सर्व्हर उठला. भाषण पस्तीस मिनिटं चाललं. सभापतींच्या भाषणाचा तालुक्याला उपयोग झाल्याचा तो पहिलाच प्रसंग. चारही बोर्ड कामाला लागले आणि पावत्या फटाफट निघू लागल्या. तळेगावहून फोन आला, "आबा, काय केलं हो? हात लावायच्या आत पावती बाहेर!" दौंडचा ट्रकही सुटला.

सर्व्हर शुक्रवारी जेवढा वेगात होता, बरोब्बर तेवढ्याच वेगात शनिवारी संध्याकाळी चालला होता. पण आबांनी माइक हातात घेतला. "बघितलं? एकीचं बळ म्हंत्यात ते हे!" आप्पांनी डोळे पुसले. दोघांनी मिठी मारली आणि गडबडीत एकमेकांचे फेटे घातले. दोन पत्रकारांनी फोटो काढले आणि विचारलं, वेग किती टक्क्यांनी वाढला? आबांनी चाळीस सांगितले, आप्पांनी साठ. छापताना शंभर आले.

दसरा झाल्यावर सोमवारी अपेक्षा कामावर आली, तेव्हा आप्पा तिच्या टेबलाशी वाट बघत होते.

"पोरी, एक काम हाय. दादाला बोलू नगस. एक बारकी भिंत ठेव आपली. दिसाया नको, पण असू दे. माणसाचं काय सांगावं?"

ते गेले आणि दहा मिनिटांनी आबा आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "मच्छ्या भोळा हाय, पण त्याच्या कानाशी लागणारे लई. एखादा पडदा ठेवता येतो का गं? त्याला कळू न देता?"

अपेक्षाला चारच दिवसांपूर्वी एका न केलेल्या पार्टिशनपायी केस पिकायची वेळ आली होती. आता ज्ञानेशसारखे रंग वाटत बसायचं नाही, असं तिनं ठरवलं. नोकरी गेली तर गेली. तिनं आबांना बसवलं, आप्पांना फोन करून परत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही दोघांनी मला एकच काम सांगितलंय," ती म्हणाली. भाऊ एकमेकांकडं बघायचं टाळू लागले. "पण आधी एक ऐका. भिंत कधी नव्हतीच."

तिनं सगळं सांगितलं. ज्ञानेशचं सांगितलं, रंगांचं सांगितलं, शनिवारी दीड तासात बांधलेल्या आणि सहा तासांनी पाडलेल्या भिंतीचंही सांगितलं. पाच वर्षं सगळं एकाच सर्व्हरमध्ये, एकाच जागी होतं. आपल्या कारकुनाला नुसतं विचारलं असतं तरी एकाला दुसऱ्याचं दिसलं असतं.

आबांचा चेहरा लाल झाला. अपेक्षा मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवू लागली.

"म्हंजी," आबा शेवटी म्हणाले, "पाच वर्षं तुला माझं सगळं बघता येत हुतं?"

"तुम्हाला बी माझं येत हुतं."

"मी न्हाई बघितलं."

"मी तरी कुठं बघितलं?"

"का न्हाई बघितलंस?"

आप्पा गोंधळले. "आं?"

"का न्हाई बघितलंस म्हंतो मी!" आबा उठून उभे राहिले. "दोन वर्षांमागं शेकड्यानं गाई आजारी पडल्या, निम्मं दूध आटलं, मी जेवत नव्हतो तवा. एकदा बघावं वाटलं न्हाई तुला, की दादाचं कसं चाललंय? सख्खा भाऊ का कोण?"

"मला काय ठाऊक बघता येतंय ते! आन् तुम्ही? माझी मिल दोन महिने बंद हुती, तवा तुम्ही बघितलं का?"

"मी थोरला हाय! मी कसं डोकावणार?"

"मग मी कसं डोकावणार? भिंत हाय म्हणून गप बसलो ना!"

"खरा भाऊ असता तर भिंतीवरनं डोकावला असता!"

भांडण जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. ऑफिसातल्या जुन्या लोकांच्या मते फ्लेक्सच्या भांडणापेक्षाही आवाज मोठे होते. एक वाजता दोघंही दोन दारांनी निघून गेले. अपेक्षानं डबा उघडला आणि तसाच पुन्हा बंद केला.

अडीच वाजता आप्पा पाय न वाजवता आले. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, घसा खाकरला.

"दादाचं सकाळचं दूध किती लिटर भरलं गं?"

तिनं आकडा काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. कालचा विचारला, परवाचा विचारला. "गेल्या साली यापेक्षा कमी हुतं का?" हेही विचारलं, आणि मान हलवत बसून राहिले.

टेबलावर अपेक्षाचा फोन वाजला. आबा होते.

"अपेक्षा, जरा हळू बोल. मच्छ्याच्या आज पेंडीच्या किती गोण्या गेल्या?"

तिनं फोन आप्पांच्या हातात दिला आणि चहा आणायला उठली.